खुंटीवरचा लंगोट

नमस्कारावर त्यांचा विश्वास नव्हता. कुणी हात जोडले की म्हणायचे, "ते देवळात. इकडं हात दे." आपण हात पुढे केला की तो दोन्ही पंजांत घ्यायचे, उलटा करायचे, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचे, मग दोन बोटं मनगटावरून हळूहळू वर सरकवायचे आणि मान तिरकी करून विचारायचे, "कुठं पडला होतास?"

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? प्रत्येक जण कधी ना कधी कुठेतरी पडलेला असतोच. मीही पहिल्या भेटीत हेच म्हणालो होतो. मी तेव्हा पंचवटीत एका हाडाच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढायचो. वय सव्वीस, डिप्लोमा कोरा करकरीत, आणि जगातली निम्मी माणसं अडाणी आहेत अशी माझी पक्की खात्री. त्या तोऱ्यात मी म्हणालो, "पडलो असेन कुठेतरी."

"कुठंतरी नाय," ते म्हणाले. "उंचावरून पडलास. उजव्या हातावर. अन् घरी सांगितलं नाय. हाड आपलं आपण बसलंय, जरा वाकडं."

मी गारच पडलो. सहावीत असताना मी चिंचेवरून पडलो होतो. घरी कळलं असतं तर औषधाच्या आधी मार मिळाला असता, म्हणून तीन आठवडे डाव्या हाताने जेवलो आणि 'हे काय भलतंच खूळ' म्हणून आईची बोलणी खाल्ली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नव्हती.

सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेल, पण ते कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. वय पन्नाशीच्या आसपास, मान आखूड, कान कुस्तीत चुरगळून गेलेले, आणि आवाज मात्र इतका हळू की ऐकायला आपल्यालाच पुढे वाकावं लागायचं. मला ते 'फोटोमास्तर' म्हणायचे. एक्स-रे हा शब्द त्यांना येत नव्हता असं नाही. "फोटो म्हटलं की माणूस घाबरत नाय," हे त्यांचं कारण होतं, आणि ते बरोबरच होतं.

भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांची तालीम होती. वर पत्रा, भिंतीत शेंदराचा मारुती, मधोमध लाल मातीचा हौदा. सकाळ-संध्याकाळ तिथे कुस्ती चालायची. मधल्या वेळात त्याच तालमीच्या ओट्यावर लचकलेली, मुरगळलेली, अवघडलेली माणसं ओळीने बसलेली असायची. हमाल, रिक्षावाले, भाजीवाल्या, मान धरलेले एखादे गुरुजी. वस्ताद सगळ्यांना सारखंच दटावायचे. बरं वाटलं की मूठभर हळद नाहीतर तांब्याभर ताक आणायचं आणि आपल्या हाताने हौद्यात टाकायचं, एवढाच रिवाज. ती हळद, ते ताक मातीत कालवलं जायचं आणि त्याच मातीत तालमीतली पोरं लढायची. "खरचटल्यावर औषध लावायचं, ते आधीच लावून ठेवलंय," असं वस्ताद म्हणायचे.

मला आधी या माणसाचा रागच होता, कबूल करतो. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी यायचं, कुठल्यातरी वैदूने करकचून बांधलेला, निळा पडलेला हात घेऊन. आमचे डॉक्टर तर 'हाडवैद्य' हा शब्द कानावर पडला की हातातलं पेन टेबलावर आपटायचे. पण वस्तादांकडून येणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी. हाड मोडलंय असं वाटलं की ते पुढे हात लावायचेच नाहीत. दोन फळकुटं नीट बांधून, सोबत माणूस देऊन थेट आमच्याकडे धाडायचे. आणि कोपर असेल तर मग विचारूच नका. नुसतं सुजलेलं का असेना, कोपर म्हटलं की आमच्याकडे. डॉक्टर एकदा मला म्हणाले, "एवढा पहिलवान कोपराला का घाबरतो, विचार रे जरा."

मी विचारलं. वस्ताद म्हणाले, "हरसूलच्या म्हातारीनं सांगितलंय. कोपर चोळायचं नाय, कोपर आपलं नाय. का, ते तिनं सांगितलं नाय अन् मी विचारलं नाय."

ही हरसूलची म्हातारी म्हणजे त्यांची हाडं बसवण्यातली गुरू. कुस्ती ते नाशकातच तालमीत शिकले, पण जोडायची विद्या त्यांना त्या डोंगरातल्या बाईने दिली. दर आठवड्याला हरसूलच्या बाजाराच्या दिवशी ते एसटी धरून तिकडे जायचे आणि संध्याकाळी पिशवीभर मुळ्या, पाला, साली घेऊन परतायचे. म्हातारी कधीच वारली होती, तरी त्यांची फेरी चुकायची नाही. मला वाटायचं, औषधासाठी जातात.

त्यांच्या तालमीचा एक कायदा होता, तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे. डाव आणि डावाची तोड तर कुठल्याही तालमीत शिकवतात. वस्ताद तिसरी गोष्ट शिकवायचे, ती आधी. तिला ते उतारा म्हणायचे. ज्या डावाने खांदा सुटतो तो डाव शिकायचा असेल तर आधी सुटलेला खांदा बसवायला शिक. बोटं मुरगळायची असतील तर आधी बोटं बांधायला शिक. त्यामुळे नवीन आलेला गडी पहिला महिनाभर शड्डू ठोकण्याऐवजी पट्ट्या गुंडाळत आणि लेप वाटत बसलेला दिसायचा.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला असलेला एक गडी असाच आला. दंड हे एवढाले, स्वभाव तापट. पंधरा दिवस त्याने लेप वाटला आणि सोळाव्या दिवशी वरवंटा बाजूला ठेवला. म्हणाला, "वस्ताद, मला कुस्ती शिकायचीय. कंपाउंडरकी नाही."

वस्ताद त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "मोडणं सोपं हाय, बाबा. जोडून दाखव."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भांडून आलेल्या नवराबायकोलाही तेच ऐकवायचे. गडी धुसफुसत पुन्हा वरवंट्याला लागला.

मग एका संध्याकाळी, मी ओट्यावर चहा पीत बसलेलो असताना, त्याच गड्याच्या हातून सरावात जोडीदाराचा खांदा सुटला. जोडीदार किंचाळून मातीत बसला. एकलहऱ्याच्या गड्याचं तोंड पांढरंफटक. "वस्ताद, या ना आत! बघा ना!"

वस्ताद हौद्याच्या काठावर येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. "मी हौद्यात उतरत नाय, तुला ठाव हाय. आधी मारुतीकडं तोंड कर अन् सांग, कुणाच्या हातून झालं."

"माझ्या हातून झालं."

"मोठ्यानं."

"माझ्या हातून झालं, वस्ताद!"

"मग आता तूच बसव. ओढू नको. कोपर दुमडून हळूच बाहेर फिरव. घाई करू नको, त्याचा श्वास सुटू दे. हां, आता वर."

टक् असा बारीक आवाज आला आणि जोडीदाराने डोळे उघडले. खांदा बसला होता. आणि तो तापट गडी, वाघासारखा, मातीत बसून ढसाढसा रडायला लागला. ज्याचा खांदा सुटला होता तोच दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी दुसऱ्या दिवशी त्या खांद्याचा एक्स-रे काढला. डॉक्टर तो उलटसुलट करून बघत म्हणाले, "मीसुद्धा यापेक्षा वेगळं काय केलं असतं?" आमच्या डॉक्टरांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दिवाळीच.

कायदा तिथे संपत नव्हता. ज्याने मोडलं त्याचा लंगोट त्याच दिवशी भिंतीवरच्या खुंटीला. मोडलेला गडी पुन्हा हौद्यात उतरेपर्यंत मोडणाऱ्याने कुस्ती खेळायची नाही, रोज त्याची सेवा करायची. एकलहऱ्याचा गडी सहा आठवडे कामावरून सुटला की सायकल हाणत यायचा आणि जोडीदाराला आंघोळ घालून द्यायचा. सहा आठवड्यांनी जोडीदार हौद्यात उतरला, आणि वस्तादांनी स्वतः एकलहऱ्याच्या गड्याचा लंगोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

पण शेवटच्या खुंटीवर आणखी एक लंगोट होता. जुना, रंग उडालेला, मी पहिल्यांदा तालमीत आलो तेव्हापासून तिथेच. नवी पोरं त्याच्या पाया पडायची. त्यांना वाटायचं, कुणा थोर पहिलवानाचा असेल. मलाही तसंच वाटलं होतं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मला कळलं की तो वस्तादांचा स्वतःचाच होता.

झालं असं, की आमच्या डॉक्टरांनी एका बाईचा आखडलेला गुडघा ऑपरेशन करून मोकळा केला. ती बाई वस्तादांच्या बोळातली. ती पुन्हा मांडी घालून भाजी विकायला बसली, हे वस्तादांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या दुपारी ते दवाखान्यात आले. सवयीने माझा हात हातात घेतला, पण कुठं पडला होतास हे विचारलं नाही.

"फोटोमास्तर, गुडघा उघडतो, तर कोपर उघडंल का?"

"कुणाचं?"

मग त्यांनी सांगितलं. ते पंचविशीत असताना, त्र्यंबकच्या बाजूला एका जत्रेत त्यांची कुस्ती लागली होती. समोर हरसूलचा एक विशीतला गडी. "लय चिवट. मी डाव्या कोपरावर दाब दिला. तो हार मानीना, मी सोडीना. दोघंबी येडे. मग आवाज झाला."

लोकांनी वस्तादांना उचलून धरलं, डोक्याला फेटा बांधायला लागले. त्यांच्या वस्तादांनी गर्दीतून वाट काढत येऊन त्यांच्या मुस्काटात दिली. कोपर तिथेच बसवलं, दोघांनाही नाशिकला तालमीत आणलं, आणि कायद्याप्रमाणे यांचा लंगोट खुंटीला लावला.

"दोन महिने त्याला इथं ठेवला. सकाळ-संध्याकाळ त्याचं कोपर चोळलं. कोमट तेलानं. त्याचं कोपर राहिलं बाजूला, माझे तळवे सोलले. अशी सेवा कुणी केली नव्हती, सारी तालीम म्हणायची. पण कोपर दिवसेंदिवस आखडतच गेलं. काटकोनात आलं अन् तिथंच थांबलं." त्यांनी स्वतःचा हात कोपरात वाकवून दाखवला. "तसाच गेला तो घरी. मी मागोमाग गेलो. त्याची आय हाडं बसवायची. मला वाटलं, कोयता काढंल. तिनं त्याचं कोपर बघितलं, मग माझे तळवे बघितले, अन् म्हणाली, आता चोळू नको. बस इथं. शिक."

म्हणजे ती हरसूलची म्हातारी ज्याचा हात यांनी मोडला त्याचीच आई होती. आणि दर आठवड्याची ती एसटीची फेरी पाल्यासाठी नव्हती, त्या माणसासाठी होती. वीस-बावीस वर्षं हा माणूस त्याच्या शेतात नांगर धरायला, लावणीला, छप्पर शाकारायला जात होता. दोन हातांची कामं राहिली असतील ती करून यायचा.

"एकदा त्याला सरळ हातानं हौद्यात उतरलेला बघायचाय," वस्ताद म्हणाले. "मग माझी खुंटी मोकळी. मग मेलो तरी चालंल. तुमच्या डॉक्टरांना विचार."

पुढच्याच आठवड्यात ते त्याला घेऊन आले. पंचेचाळिशीचा, सडपातळ, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. डोंगरातली ही माणसं देवालाही 'तू' म्हणतात आणि तहसीलदारालाही, त्यामुळे आल्या आल्या मला म्हणाला, "तू का तो फोटोवाला? काढ." डावा हात काटकोनात पोटाशी धरलेला. धरलेला कसला, तो तसाच होता.

मी दोन बाजूंनी फोटो काढले. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली आणि ओलीच डॉक्टरांच्या समोर धरली. सांध्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे हाडाचा जाड पूल तयार झालेला होता. वरचं हाड आणि खालचं हाड त्याने पक्कं सांधून टाकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "आता काही होणार नाही. इतक्या वर्षांत सांधाच उरलेला नाही." मग फिल्म जवळ घेऊन त्यांनी विचारलं, "हे चोळलं कुठल्या गाढवाने?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे काय? दुखावलेलं कोपर चोळलं की स्नायूत हाड धरतं. बसवल्यावर बांधून गप्प ठेवलं असतं तर दोन-तीन महिन्यांत हात सरळ झाला असता. हा हात कुस्तीने नाही गेला, मालिशने गेला." आणि ते ऑपरेशनला निघून गेले. जाता जाता म्हणाले, "सांग त्यांना."

सांग त्यांना! बोलायला काय जातं! मी ती ओली फिल्म हातात धरून कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर बाकावर एक माणूस वीस-बावीस वर्षांच्या पापाचं उत्तर ऐकायला बसलेला, आणि उत्तर असं, की बाबा रे, तुझं पापानं नाही बिघडलं, तुझ्या प्रायश्चित्ताने बिघडलं. मला एरवी जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात. त्या दिवशी मी आधी ती फिल्म वाळत टांगली आणि मगच बाहेर गेलो.

बाहेर दोघे फुटाणे खात बसले होते. मी म्हणालो, "ऑपरेशन होणार नाही म्हणतात. फार वर्षं झाली."

हरसूलचा पाहुणा म्हणाला, "मी म्हनलंच होतं. पानी कुठं हाय रं?" आणि माठाकडे गेला.

वस्तादांनी माझा हात घेतला. उलटा केला. मनगटावर बोटं ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "अर्धंच बोललास."

आता त्या माणसाशी खोटं कसं बोलायचं, तुम्हीच सांगा. मी सगळं सांगून टाकलं. सांगायला हवं होतं की नको होतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला. त्यांनी माझा हात सोडला आणि स्वतःचे तळवे समोर धरून पाहिले. "म्हणजे मोडलं मी एकदा," ते म्हणाले, "अन् मग दोन महिने मोडतच होतो."

मला रडूच येत होतं. तेच पुढे म्हणाले, "म्हणून म्हातारीनं पहिला धडा कोपराचा दिला. अन् मी येडा, विचारलं नाय." मला वाटतं, त्यांना कुठेतरी आत शंका होतीच. नाहीतर वीस वर्षं कोपराला हात न लावणारा माणूस 'का' म्हणून एकदाही विचारत नाही, असं होतं का?

त्या संध्याकाळी मी तालमीत गेलो. न जाऊन करतो काय? हरसूलला सकाळची एसटी होती, म्हणून पाहुणा मुक्कामाला होता. तो ओट्यावर पाय सोडून कुस्त्या बघत होता. वस्तादांनी टाळी वाजवून कुस्त्या थांबवल्या. मारुतीकडे तोंड केलं. सगळ्यांना वाटलं, आज कुणाचं काय मोडलं?

"ह्याचा हात," त्यांनी पाहुण्याकडे बोट केलं, "कुस्तीत सुटला. तो माझ्या वस्तादांनी बसवला होता. मी दोन महिने चोळून चोळून तो कायमचा घालवला. आज फोटोत दिसलं. माझ्या हातून झालं."

आवाज नेहमीसारखाच हळू. कुणीतरी मागून ऐकू आलं नाही म्हणून पुढे सरकलं. तर वस्तादांनी स्वतःच, स्वतःला म्हणावं तसं, म्हटलं, "मोठ्यानं." आणि मग तालमीचा पत्रा दणाणेल असे ओरडले, "माझ्या हातून झालं!"

मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं ते एवढं एकदाच. एकलहऱ्याचा गडी माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझा दंड घट्ट धरला होता.

पाहुणा मात्र ओट्यावरून सावकाश उतरला. म्हणाला, "वस्ताद, मला ठाव हाय. आय पहिल्याच दिशी बोलली होती."

"अन् तू मला बोलला नाय?"

"आयच म्हनली, बोलू नको. ह्याच्या हातात जोर हाय अन् मनात खोट नाय. आता सांगितलं तर हा परत कुनाच्या हाडाला हात लावनार नाय. त्यापरीस शिकवू त्याला. एक कोपर गेलं, बाकीची तरी वाचतील." तो जरा थांबला. "अन् मला काय, तू येत होतास. बरं वाटायचं."

वस्ताद खाली बसले. मातीत नाही, काठावरच. पाहुण्याने भिंतीकडे पाहिलं. "अन् त्यो लंगोट कवापासून लटकवलाय? तुझा कायदा काय हाय?"

"मोडलेला गडी हौद्यात उतरला पायजे."

"सरळ हातानं उतरला पायजे, असं हाय का त्यात?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. नव्हतंच ना! कायद्यात हाताचा शब्दही नव्हता. ते वस्तादांनी आपल्या मनानेच जोडलं होतं, आणि बावीस वर्षं त्यावर स्वतःला टांगून ठेवलं होतं.

पाहुण्याने सदरा काढला, कुणाचा तरी लंगोट घेऊन बांधला आणि हौद्यात उतरला. माती कपाळाला लावली. "ये," म्हणाला. "मी एवढ्या लांबून आलोय."

खुंटीवरचा लंगोट एकलहऱ्याच्या गड्याने काढून आणला. कापड इतकं विरलेलं की वस्तादांनी तो अर्ध्या चड्डीवरूनच बांधला, आणि ते बरंच केलं, कारण सलामी होते न होते तोच त्याची गाठ टर्रकन फाटली. पण कुस्ती थांबली नाही. दोन मिनिटं दोघे नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून घुमत होते. बघताना मला कळेना, हे लढतायत की एकमेकांना धरून उभे आहेत. मग पाहुण्याने तो वाकडा हात वस्तादांच्या मानेत अडकवला. सरळ हाताची पकड सोडवता येते हो, पण तो हाडाचा आकडा कसा सोडवणार? वस्ताद धाडकन पाठीवर. चीत!

पोरं ओरडायचं विसरली. वस्ताद त्या हळदीच्या मातीत उताणे पडून हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही कानांकडे मातीचे ओघळ गेले होते. "पोरांनो," ते म्हणत होते, "बघितलं का? ह्या डावाला तोड नाय."

त्यानंतरची चार-पाच वर्षं वस्ताद रोज हौद्यात उतरले. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरायचे, मी ओरडायचो, डॉक्टर ओरडायचे. कसलं काय! ती शेवटची खुंटी त्यांनी भिंतीतून उपटून टाकली आणि भोक चुन्याने बुजवलं. हरसूलची फेरी चालूच राहिली. पाहुणाही आता अधूनमधून यायचा, आणि नव्या गड्यांना उतारे शिकवताना वस्ताद कोपराचा धडा आला की त्याला पुढे बसवायचे. माझ्याकडून मागून नेलेली ती फिल्म उन्हाकडे धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे माझं काम. नीट बघा."

गेले ते थंडीच्या दिवसांत, छातीत कफ होऊन. शेवटचे आठ दिवस हरसूलचा पाहुणा इथेच होता. एका हाताने त्यांचे पाय चेपायचा. मी भेटायला गेलो तेव्हा वस्तादांनी माझा हात मागितला, घेतला, पण बोटांत जोर नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी नुसतं टेकवून राहिले. मीच म्हणालो, "चिंचेवरून पडलो होतो, वस्ताद." ते हसल्यासारखे झाले.

अंत्ययात्रेला सारी पंचवटी लोटली होती. दर वळणावर माणसं खांदा बदलत होती. मीही दिला, आणि माझं ते जुनं मनगट दहा पावलांतच दुखायला लागलं. आमचे डॉक्टर अनवाणी चालत होते. पुढे डाव्या बाजूला हरसूलचा पाहुणा होता, बांबू खांद्यावर आणि काटकोनातला हात त्याच्याभोवती. तो बोळाच्या तोंडापासून तसाच होता. नदीचा उतार लागला तेव्हा एकलहऱ्याचा गडी पुढे होऊन म्हणाला, "मामा, द्या आता माझ्याकडे. हात भरून आला असेल."

पाहुण्याने मान हलवली. "ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "माझा हात असाच ऱ्हातो."